इन्शुलिन घेऊनही शुगर आटोक्यात येत नाही? डोस वाढवायच्या आधी घ्यायची पद्धत क्रमाने तपासा

घरात कुणाला इन्शुलिन सुरू झालं की पहिल्या दिवशी सिस्टर पाच मिनिटांत दाखवतात, बाहेर ओपीडीची रांग असते, आपण मान डोलावतो आणि घरी येऊन जमेल तसं टोचायला लागतो. मग शुगर एक दिवस ३०० येते, दुसऱ्या दिवशी ६०, आणि सगळ्यांना वाटतं की डोस कमी पडतोय. बरेचदा डोस बरोबर असतो, तो अंगात पोचतच नाही किंवा चुकीच्या वेळी पोचतो. किती युनिट घ्यायचे हे तुमचे डॉक्टरच ठरवणार, त्यात आपण हात घालायचा नाही. ठरलेले युनिट नीट कसे घ्यायचे एवढंच इथे सांगतोय, आणि क्रम महत्त्वाचा आहे म्हणून मधले टप्पे गाळू नका.

१. सुरुवात करायच्या आधी घरात काय हवं

ग्लुकोमीटर आणि एक्सपायरी न झालेल्या स्ट्रिप, इन्शुलिन, त्याला जुळणाऱ्या सिरिंज किंवा पेनच्या सुया, जाड प्लास्टिकची रिकामी बाटली (वापरलेल्या सुयांसाठी), एक वही आणि ग्लुकोज पावडर. बाकी काही राहिलं तर चालेल पण ग्लुकोज पावडर आधी आणा, कारण शुगर लो झाली की तेव्हा खाली मेडिकलमध्ये जायला वेळ नसतो.

साखर चालत नाही का? चालते. पण जे लोक व्होग्लिबोज किंवा अकार्बोजच्या गोळ्याही घेतात (आपल्याकडे व्होग्लिबोज खूप जणांना असते, बाकीच्या औषधांसोबत एकाच गोळीत मिसळलेली पण असते) त्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ही गोळी साखर आतड्यात फुटायचंच काम हळू करते. त्यांना ग्लुकोजच लागतं. म्हणून गोळीच्या पाकिटावरची बारीक नावं एकदा वाचून काढा आणि काहीही असलं तरी ग्लुकोज पावडरच ठेवा, म्हणजे प्रश्नच मिटला.

२. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजचं टोपण जुळवा

सगळ्यात धोक्याची चूक इथे होते म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

आपल्याकडे इन्शुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. एका मिलीमध्ये ४० युनिट आणि एका मिलीमध्ये १०० युनिट. बाटल्या बहुतेक ४० च्या असतात पण १०० च्या पण मिळतात, आणि पेन किंवा पेनमध्ये घालायची कार्ट्रिज साधारण १०० ची असते. त्याप्रमाणे सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. टोपण दोन्हीकडे लहानसंच, सिरिंज दिसायला सारख्याच, आणि गर्दीच्या वेळी मेडिकलवाल्याने चुकून दुसरी दिली तर घरी कुणाच्या लक्षात येत नाही.

चुकलं तर काय होतं ते आकड्यात बघा. समजा डोस २० युनिट आहे. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज घेऊन २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. यात माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज घेतली तर २० च्या रेघेला फक्त ८ युनिट जातात, मग शुगर उतरत नाही आणि डोस वाढत जातो, आणि पुढे कधीतरी योग्य सिरिंज हातात आली की तोच वाढलेला डोस पूर्ण लागतो आणि शुगर धाडकन खाली येते.

पेनवरून बाटलीवर आलेल्यांनी तर जास्त लक्ष द्या. इन्शुलिनचं नाव तेच, पण पेनमध्ये १०० आणि बाटलीत ४० असू शकतं. युनिटचा आकडा बदलत नाही, सिरिंज बदलते. आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून इन्शुलिन काढायचं नाही, पेन मोडलं तरी नाही.

चेक: बाटलीवर ४० लिहिलंय तर लाल, १०० लिहिलंय तर केशरी. टोपणाबरोबर सिरिंजवर छापलेला आकडाही वाचा, कारण शेवटी तोच खरा. हे दर वेळी नवीन पाकीट उघडताना करायचं, आणि मेडिकलमध्ये जाताना रिकामी बाटली सोबत न्यायची.

अजून एक, डोस वहीत लिहिताना आकड्याच्या पुढे युनिट हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि ६ युनिटचे ६० वाचले जातात.

३. फ्रिज, उकाडा आणि तारीख

न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ डिग्रीमध्ये, म्हणजे फ्रिजमध्ये, पण फ्रीजरमध्ये नाही आणि फ्रीजरच्या लगेच खालच्या कप्प्यातही नाही. बर्फ साचणाऱ्या सिंगल डोअर फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकलं तरी गोठू शकतं. मधला कप्पा किंवा दार बरं, एका डब्यात घालून. एकदा गोठलं की फेकायचंच, वितळल्यावर दिसायला ठीक दिसतं पण त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

उघडलेली बाटली किंवा चालू पेन बाहेर ठेवलं तर चालतं, पण साधारण २५ ते ३० डिग्रीच्या आत. आता मुंबईत एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत, वरच्या मजल्यावर, दुपारी किती होतं ते तुम्हाला माहितीये. त्यामुळे उन्हाळ्यात चालू बाटलीपण फ्रिजमध्ये ठेवा आणि घ्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, थंडगार टोचलं की जास्त झोंबतं. चालू पेनचं मात्र पाकिटातल्या कागदावर बघा, काही कंपन्या वापरातलं पेन फ्रिजमध्ये ठेवू नका म्हणतात. सुई लावलेलं पेन तर कुठेच ठेवायचं नाही, फ्रिजमध्येही नाही आणि बाहेरही नाही.

उघडल्यावर बहुतेक इन्शुलिन ४ आठवडे चालतं, काही ६ किंवा त्याहून जास्त, ते त्याच कागदावर असतं. इथे लोक चुकतात कसे बघा, १० मिलीच्या ४० च्या बाटलीत ४०० युनिट असतात, तुमचा डोस दिवसाला ८ युनिट असेल तर हिशोबाने ती ५० दिवस पुरते, पण ४ आठवड्यांची मुदत असेल तर २८ दिवसांनंतर ती टाकायला हवी. टाकायला जीवावर येतं हे कळतं, पैसे लागलेले असतात. तरी उघडल्याची तारीख पेनाने लेबलवर लिहायची सवय लावा.

चेक: दर वेळी बाटली उजेडात धरा. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्शुलिन गढूळ झालं किंवा त्यात कण दिसले तर बाद. दुधाळ इन्शुलिन हलवल्यावरही गुठळ्या राहिल्या किंवा बाटलीच्या काचेला आतून पांढरा थर चिकटलेला दिसला तर तेही बाद.

४. जेवणाची वेळ आधी पक्की करा, सुई नंतर

इन्शुलिन कुठलं आहे त्यावर वेळ ठरते. साधं रेग्युलर किंवा ३०/७० चं मिक्स ह्युमन इन्शुलिन जेवणाच्या साधारण ३० मिनिटं आधी. अॅस्पार्ट, लिस्प्रोसारखं झटपट काम करणारं घेतलं की लगेच, फार तर १५ मिनिटांत ताट समोर हवं. ग्लार्जिनसारखं दिवसभर पुरणारं रोज एकाच वेळी, त्याचा जेवणाशी थेट संबंध नाही, आणि ते दुसऱ्या कुठल्याही इन्शुलिनमध्ये मिसळायचं नाही. आपलं कुठल्या गटातलं आहे हे डॉक्टरांना विचारून बाटलीच्या खोक्यावर मराठीत लिहून ठेवा.

मुंबईत सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो तर सकाळी. सात वाजता घरी टोचून घ्यायचं, नाश्ता डब्यात, आणि मग डोंबिवली किंवा विरारवरून लोकल, ऑफिसला पोचून नऊ वाजता खाऊ म्हणून. गाडी लेट झाली की संपलं. उभ्याने गर्दीत घाम येतो, हात थरथरतात, बाकीच्यांना वाटतं उकाड्याने होतंय. म्हणून नियम एकच, घरी घेतलं तर घरी खायचं, ऑफिसला खाणार असाल तर ऑफिसलाच घ्यायचं, पेन पाऊचमध्ये सोबत न्यायचं. वॉशरूममध्ये जाऊन चोरून घ्यायची गरज नाही, खुर्चीत बसून शर्ट थोडा वर केला की काम होतं.

गणपतीत दुसरा प्रकार. आरती बारा वाजता म्हणतात आणि दीड वाजतो, नैवेद्य दाखवल्याशिवाय पान वाढत नाहीत, आणि आजी-आजोबांनी साडेअकराला इन्शुलिन घेतलेलं असतं. घरातल्या एकाने जबाबदारी घ्या, आरती उरकत आली, पानं मांडायला लागले की मग सुई. आणि त्या माणसाला आधी वाढा, बाप्पा रागावणार नाही.

सावधान: उपास असेल तर डोस स्वतःच्या मनाने बंद किंवा अर्धा करू नका. संकष्टी, एकादशी, नवरात्र, जे काही धरणार असाल ते आधी डॉक्टरांना सांगा. दिवसभर रिकाम्या पोटी लो होते आणि संध्याकाळी साबुदाणा खिचडीने चढते, दोन्ही एकाच दिवसात. तसंच ताप-उलट्या असताना जेवण जात नाही म्हणून इन्शुलिन अजिबातच न घेणं, हे टाइप १ च्या (म्हणजे ज्याच्या अंगात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा) माणसाला जीवावर बेतू शकतं. फोन करा, विचारा, शुगर दर काही तासांनी बघा.

डोस चुकून राहिला तर पुढच्या वेळी डबल करायचा नाही.

५. जागा निवडा, आणि बोटांनी चाचपा

पोट, मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, दंडाची मागची बाजू आणि कुल्ल्यांचा वरचा भाग. पोटावरून सगळ्यात लवकर लागू होतं, मांडी आणि कुल्ल्यांवरून हळू. म्हणून आज पोट, उद्या मांडी, परवा दंड असं मनाला येईल तसं फिरवू नका, शुगर वरखाली होत राहते. सकाळचा डोस पोटावर ठरला तर सकाळी पोटच, फक्त पोटावरची जागा रोज सरकवायची. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटाचे चार भाग करा, एक आठवडा एक भाग, आणि प्रत्येक टोचणीत निदान १ सेंटीमीटरचं म्हणजे साधारण एका बोटाचं अंतर.

आता चाचपायचं का? कारण रोज एकाच ठिकाणी टोचलं की तिथे कातडीखाली चरबीची गाठ बनते. ती दुखत नाही, उलट तिथे सुई कमी टोचते, त्यामुळे माणूस परत परत तिथेच घेतो. पण त्या गाठीतून इन्शुलिन कधी शोषलं जातं कधी नाही. वर्षानुवर्षं इन्शुलिन घेणाऱ्या खूप जणांच्या बेंबीच्या दोन्ही बाजूला अशा गाठी असतात आणि तपासणीला शर्ट वर कुणी करत नाही. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट आणि मांड्या चाचपा, कुठे रबरासारखं जाड, फुगलेलं लागलं तर ती जागा काही महिने पूर्ण बंद.

सावधान: गाठ सोडून चांगल्या जागी घ्यायला लागलात की तोच डोस जास्त लागू होतो आणि शुगर लो होऊ शकते. जागा बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा आणि पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा तपासा.

६. बाटलीतून सिरिंजमध्ये भरणं

हात साबणाने धुवा. दुधाळ इन्शुलिन असेल तर बाटली दोन्ही तळहातांमध्ये १० वेळा फिरवा आणि १० वेळा वरखाली करा, सगळं एकसारखं पांढरं दिसेपर्यंत. खोकल्याच्या औषधासारखी खळाखळा हलवायची नाही, फेस येतो आणि डोस चुकतो. हा टप्पा गाळला तर तळाला बसलेला भाग तसाच राहतो, म्हणजे सुरुवातीला वेगळंच औषध आणि बाटली संपत आली की वेगळंच.

रबराचं बूच स्पिरिटने पुसून सुकू द्या. जितके युनिट घ्यायचे तितकी हवा सिरिंजमध्ये ओढा, ती बाटलीत सोडा, मग बाटली उलटी करून दट्ट्या हळू ओढत रेघेपर्यंत भरा. हवा आधी का सोडायची, तर नाही सोडली की आत दाब कमी होतो, ओढायला जड जातं आणि बुडबुडे येतात. बुडबुडा दिसला तर टिचकी मारून वर आणा, परत बाटलीत ढकला, परत रेघेपर्यंत भरा. बुडबुडा शरीरात गेला म्हणून काही होत नाही हो, पण तेवढं इन्शुलिन कमी जातं.

दोन बाटल्या एकाच सिरिंजमध्ये मिसळायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच: आधी दुधाळ बाटलीत हवा, मग स्वच्छ बाटलीत हवा, मग स्वच्छ इन्शुलिन भरा, शेवटी दुधाळ. हा क्रम उलटा झाला तर स्वच्छ बाटलीत दुधाळ मिसळून ती बाटली खराब होते.

७. पेन असेल तर

दुधाळ असेल तर पेनही तसंच फिरवा आणि वरखाली करा. नवी सुई सरळ बसवा, दोन्ही टोपणं काढा. मग २ युनिट लावून सुई वर धरून बटण दाबा, टोकाला थेंब आला पाहिजे. नाही आला तर परत २ युनिट. हे दर डोसला करायचं, फक्त नवीन पेनला नाही. लोक म्हणतात इन्शुलिन वाया जातं, पण थेंब न बघता घेतलं तर हवा गेली की औषध हे कळणारच नाही.

मग डोसचा आकडा लावा. ज्यांना जवळचं नीट दिसत नाही त्यांनी नुसत्या टकटक आवाजावर मोजू नका, चष्मा लावून आकडा वाचा किंवा घरातल्याला दाखवा.

८. टोचणं

आंघोळ झालेली असेल, कातडी स्वच्छ असेल तर स्पिरिट लागतच नाही. लावलं तर पूर्ण सुकू द्या. कपड्यावरून घेऊ नका.

पेनची ४ मिलीमीटरची सुई मोठ्या माणसाला सरळ, काटकोनात घ्यायची, चिमटा साधारण लागत नाही. सिरिंजची सुई लांब असते, त्यासाठी अंगठा आणि दोन बोटांनी कातडीची हलकी घडी उचला, मूठभर मास धरू नका, नाहीतर सुई स्नायूत जाते आणि इन्शुलिन फार लवकर लागू होतं. दट्ट्या किंवा बटण शेवटपर्यंत दाबा, आणि आता सगळ्यात जास्त गाळला जाणारा भाग: पेनचं बटण दाबून ठेवून सावकाश १ ते १० मोजा, मगच सुई बाहेर. लगेच काढलं की थेंब बाहेर ओघळतो, तो तुमच्या डोसमधलाच असतो.

चोळायचं नाही. घेतल्यावर लगेच गरम पाण्याने आंघोळ नको, आणि मांडीवर घेऊन लगेच स्टेशनपर्यंत भरभर चालणंही नको, दोन्हीमुळे इन्शुलिन लवकर शोषलं जातं.

चेक: काढल्यावर सुईच्या टोकाला किंवा कातडीवर मोठा थेंब दिसतोय का? रोज दिसत असेल तर तुम्ही लवकर काढताय. पण गळलं म्हणून अंदाजाने परत टोचू नका, वहीत लिहा आणि शुगर तपासत रहा.

९. शुगर लो झाली तर

घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. ७० च्या खाली म्हणजे लो. मीटर जवळ नसेल तर लो आहे असं धरूनच चाला. ३ चहाचे चमचे भरून ग्लुकोज पावडर पाण्यातून, १५ मिनिटं थांबा, परत तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की पोळी-भाजी किंवा बिस्किटं काहीतरी खा. लाडू, पेढा, चॉकलेट पहिल्यांदा देऊ नका, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

बीपीसाठी मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल अशा गोळ्या चालू असतील तर थरथर आणि धडधड जाणवतच नाही असं होऊ शकतं, घाम मात्र येतो. अशा माणसाला विनाकारण घाम फुटला तर आधी शुगर बघा.

सावधान: माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

१०. गावी जाताना

इन्शुलिन नेहमी हातातल्या बॅगेत, एसटीच्या डिकीत नाही, बाइकच्या डिकीत नाही, उन्हात उभ्या गाडीत नाही, आणि विमान असेल तर चेक-इन सामानात नाही कारण तिथे गोठू शकतं. थर्मास किंवा थंड पाऊच घ्या, बर्फाचं पाकीट घातलंत तर मध्ये टॉवेल गुंडाळा, बाटली बर्फाला थेट टेकता कामा नये. कोकण रेल्वेच्या गणपती स्पेशलना लागणारा वेळ धरून डोस आणि खाणं दोन्ही सोबत ठेवा, वाटेत क्रॉसिंगला गाडी किती वेळ उभी राहील ते सांगता येत नाही.

गावी लाइट जाते तेव्हा मातीच्या माठात ओल्या वाळूवर डबा ठेवायची पद्धत आहे, ती चांगली आहे, पण ती पाणी वाळण्यावर चालते. विदर्भातल्या कोरड्या उन्हात छान गार होतं, कोकणात भाद्रपदात हवा आधीच ओली असते म्हणून तेवढं गार होत नाही. तिथे फक्त चालू बाटली माठात ठेवा, जास्तीच्या बाटल्या ज्यांच्याकडे फ्रिज आणि इन्व्हर्टर आहे अशा शेजाऱ्याकडे किंवा गावातल्या मेडिकलमध्ये ठेवायला द्या.

११. वापरलेल्या सुया

कंपनी एकदाच वापरा म्हणते आणि तेच योग्य, परत परत वापरली की टोक बोथट होतं, दुखतं, गाठी लवकर होतात. खर्च परवडत नसेल तर जनऔषधी केंद्रात भाव विचारा. एकाची सुई दुसऱ्याला कधीच नाही, पेनही नाही, नवरा-बायको असले तरी आणि सुई बदलली तरी.

वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट, पाऊण भरली की चिकटपट्टी लावून बाहेरून मराठीत "सुया" असं मोठ्या अक्षरात लिहा. घरगुती धोकादायक कचऱ्यात सुया आणि जुनी औषधं येतात, ती ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायची नाहीत. आपल्या सोसायटीत तो कचरा कुठल्या दिवशी वेगळा नेतात ते विचारा, आणि बाटली देताना कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हातात देऊन आत सुया आहेत हे तोंडाने सांगा.